सत्कार झाले, आता पुढे कोण विचारणार?

दहावीच्या निकालात कोकण विभाग पहिला, ही बातमी वाचून आता कुणी दचकत नाही. २०२५ मध्ये राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला, कोकणचा ९८.८२. निकालामागोमाग सत्कार येतात आणि सत्काराच्याच मांडवात 'करिअर मार्गदर्शन शिबिर'ही उरकलं जातं. बाहेरगावचा वक्ता दोन तास बोलतो. 'स्वतःवर विश्वास ठेवा' म्हणतो, सभागृहाला उभं करून घोषणा द्यायला लावतो. मुलं मनापासून टाळ्या वाजवतात. संध्याकाळी वक्त्याची गाडी निघून जाते आणि तो पुन्हा दिसत नाही.

या 'पुन्हा दिसत नाही'बद्दल मला बोलायचं आहे. कारण मार्गदर्शनाची गरज खरी आहे, आणि सावंतवाडी तालुक्याच्या टोकाला, आरोंद्यासारख्या गावात ती जास्तच आहे. तेरेखोल नदीवरचा किरणपाणीचा पूल ओलांडला की गोव्याचा पेडणे तालुका लागतो. जानेवारी २०२३ पासून तिथल्या मोपा विमानतळावर विमानं उतरू लागली. हॉटेलं, टॅक्सी, विमानतळावरची कामं, सगळं दुचाकीच्या अंतरावर आलं. मुलांकडे गुण आहेत, कष्टाची तयारी आहे. पण मुलाखतीत 'तुमच्याबद्दल काहीतरी सांगा' म्हटलं की कितीतरी जणांची मान खाली जाते. इकडे घरगुती जेवण देणारी बाई पर्यटकाने पैसे विचारले की म्हणते, 'तुमका काय द्यायचा ता द्या.' माशाचा भाव तिला रोजचा ठाऊक असतो, गॅस किती दिवस जातो तेही ठाऊक असतं. नारळ, तांदूळ, स्वतःची मजुरी धरून ताटाची किंमत काढायची आणि ती समोरच्याच्या डोळ्यांत बघून सांगायची, एवढंच राहून गेलेलं असतं. भाषणाने ते येत नाही. कुणीतरी शेजारी बसून वही उघडायला लावावी लागते.

याचा पुरावा आरोंद्याहून शिरोड्यामार्गे वेंगुर्ल्याला गेलं की मिळतो. तिथल्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका २०१७ पासून पर्यटकांना कांदळवनाची सफर घडवतात. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा सिंधुदुर्ग किनाऱ्यावरचा जैवविविधता प्रकल्प आणि राज्याचा कांदळवन कक्ष यांचं पाठबळ त्यांना मिळालं. खाडी या बायकांना नवी नव्हती. मासेमारी घरातलीच, भरती-ओहोटी पाठ. नवं होतं ते अनोळखी माणसाला होडीत बसवून, लाइफ जॅकेट चढवायला सांगून, त्याच्याशी बोलत राहणं. चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली ही मुळं तिवराची, चिखलात हवा नसते म्हणून झाड अशी वरून हवा घेतं, हे न अडखळता सांगणं. होडीतल्या माणसाने उलटा प्रश्न विचारला तर उत्तर द्यावं लागतं. उत्तर नसेल तर शोधून ठेवावं लागतं, कारण तोच प्रश्न पुढच्या फेरीला परत येतो. अशा फेऱ्या होत गेल्या की आवाजातला कंप आपोआप जातो. या बायकांना आधी आत्मविश्वास आला आणि मग काम मिळालं असं नाही. काम हाती आलं, ते शिकवणारं कुणीतरी होतं, आणि धीर त्यातून आला.

मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्येच हे मांडून ठेवलं आहे. 'हे मला जमेल' ही भावना त्यांच्या मते चार वाटांनी येते: स्वतः करून पाहिल्याने, आपल्यासारख्याच दुसऱ्याला करताना पाहिल्याने, कुणी धीर दिल्याने आणि शरीर-मनाच्या त्या वेळच्या अवस्थेवरून. सर्वांत भक्कम वाट पहिली. शब्दांनी धीर देणं तिच्या मानाने फार दुबळं. आपली शिबिरं नेमकी त्या दुबळ्या वाटेवर सगळा खर्च करतात.

आणखी एक प्रयोग आपल्या अधिकाऱ्यांनी मुळातून वाचावा असा आहे. आफ्रिकेतल्या टोगो देशात लोमे शहरात १५०० छोट्या व्यावसायिकांवर तो झाला आणि २०१७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एका गटाला हिशेब, विक्री, पैशाचं नियोजन असं नेहमीचं प्रशिक्षण मिळालं. दुसऱ्या गटाला पुढाकार घेणं, संधी शोधणं, अडचणीतून वाट काढणं यांचा सराव दिला. तिसऱ्याला काहीच नाही. पुढाकाराचा सराव केलेल्यांचा नफा ३० टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या प्रशिक्षणाचा ठोस फरक दिसला नाही. यातला एक तपशील मला सर्वांत मोलाचा वाटतो. वर्ग महिनाभर चालले, पण त्यानंतर चार महिने प्रशिक्षक महिन्यातून एकदा दुकानावर जात होता.

आपल्याकडे योजना कमी नाहीत. पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना २०२० पासून आहे. काजू, आंबा, कोकम यांवर काम करणाऱ्या घरगुती उद्योगाला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान मिळू शकतं. अर्जदाराचा हात धरायला 'जिल्हा संसाधन व्यक्ती' नेमलेली असते, ही कल्पना उत्तम आहे. पण तिचं मानधन बघा: निम्मं बँकेने कर्ज मंजूर केल्यावर, उरलेलं नोंदण्या होऊन काम सुरू झाल्यावर. ज्या टप्प्यावर पहिला घाऊक व्यापारी भाव पाडून मागतो आणि बाई गप्प बसते, तिथे तिच्या बाजूने उभं राहण्याचे पैसे या हिशेबात नाहीत. माझ्या मते मानधनाचा तिसरा हप्ता असावा, आणि उद्योग वर्षभर चालल्यावरच तो मिळावा.

शाळा आणि ग्रामपंचायतींना तर अशा पुन्हा पुन्हा येणाऱ्या मार्गदर्शनासाठी दिल्लीची वाट बघायलाही नको. पेडण्याच्या हॉटेलात चार वर्षं काढलेला गावचाच मुलगा आहे, बँकेतून निवृत्त झालेले शेजारी आहेत, वेंगुर्ल्याच्या त्या बायका आहेत. यंदाच्या सत्काराला वक्ता आणण्याऐवजी यांना बोलवावं आणि जून ते सप्टेंबर दर महिन्याला एकदा पुन्हा बोलवावं. पहिल्या वेळी मुलांनी मुलाखत द्यावी, बायकांनी ताटाचा दर काढावा. दुसऱ्या वेळी पाहुण्यांनी काय चुकलं ते सांगावं, आणि तेच पुन्हा करायला लावावं. या चारही फेऱ्यांचा प्रवासखर्च मांडवाच्या भाड्यात सहज निघेल.