मनगटावरचा पहारा

हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये जर्मनीतील येना येथे मानवी मेंदूचा विद्युत्-आलेख प्रथम नोंदविला. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत नॉर्मन होल्टर यांनी हृदयाचा आलेख बिनतारी पाठविला. त्यांचे पाठीवर वाहावयाचे यंत्र सुमारे ३८ किलोंचे होते. आज हे काम छातीवर चिकटविलेली हलकी पट्टी करते.

मेंदूच्या बाबतीत मात्र प्रश्न वजनापुरता नाही. हृदयाचा संकेत त्वचेवर सुमारे १ मिलिव्होल्ट भरतो, मेंदूचा जेमतेम १० ते १०० मायक्रोव्होल्ट. रुग्णाने दात आवळले तरी तो स्नायूंच्या गोंगाटात बुडतो. म्हणून अपस्मारासाठी संशोधकांनी दुसरी वाट धरली. मनगटावरील पट्टा हाताचे झटके आणि घामाने बदलणारी त्वचेची विद्युत्-वाहकता मोजून नातलगांच्या मोबाईलवर इशारा धाडतो. ‘एम्ब्रेस’ या पट्ट्याला २०१८ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. सर्वांगाचा झटका तो ओळखतो. क्षणभर भान हरपविणारा सौम्य झटका त्याला कळत नाही.

झोपेतील सर्वांगाच्या झटक्याने रुग्ण दगावू शकतो, हे आपण जाणतोच. तरीही माझ्या मते अशा साधनाची खरी कसोटी घरातच लागते. रात्री वारंवार खोटा इशारा वाजला, तर थकलेली आई पट्टा कपाटात ठेवून देते. म्हणून पट्टा सुचविताना त्याच्या मर्यादा सांगणे आणि इशारा होताच रुग्णाला कुशीवर वळवून घड्याळ पाहण्यास घरच्यांना शिकविणे, हे आपलेच कर्तव्य होय.