यीस्टची बाहेरची कात्री

यीस्ट साखरेची दारू बनवितें, हें आपण शाळेंत शिकलों. परंतु त्याचें कांहीं काम पेशीच्या बाहेरही चालतें, हें फारसें कोणी सांगत नाहीं. उसाची साखर यीस्ट बहुतांशीं बाहेरच फोडतें. पेशीच्या भिंतींत सोडलेलें इन्व्हर्टेज नांवाचें एन्झाईम तिचे दोन तुकडे करतें, आणि मग ते आंत घेतले जातात.

बीअरची गोष्ट निराळी. मोड आणलेल्या सातूच्या काढ्यांत माल्टोज ही मुख्य साखर. ती यीस्ट अख्खीच आंत ओढतें. मात्र काढ्यांतील कर्बोदकांचा सुमारें पाव हिस्सा डेक्स्ट्रिनच्या लांब सांखळ्यांचा असतो. सामान्य यीस्टला त्या पचत नाहींत. म्हणून त्या बीअरमध्यें तशाच राहतात व तिला थोडा दाटपणा देतात.

१९५२ सालीं अँड्र्यूज व गिलिलँड यांनीं ‘सॅकॅरोमायसीस डायस्टॅटिकस’ या यीस्टचें वर्णन केलें. आज तो नेहमींच्या यीस्टचाच एक प्रकार मानला जातो. तो ग्लुकोअमायलेज नांवाचें एन्झाईम द्रवांत सोडतो. ही कात्री डेक्स्ट्रिनच्या टोंकापासून ग्लुकोजचा एकेक मणी तोडीत जाते. गंमत अशी कीं, तिचें जनुक नेहमींच्या यीस्टमधील दोन जनुकांचे तुकडे जुळून बनलें आहे: एकानें कात्री दिली, तर दुसऱ्यानें ती घराबाहेर धाडण्याची सोय केली.

आतां धोका पाहा. हें काम संथ असतें. किण्वन संपलें असें समजून बाटल्यांना बूच बसतें, आणि आंत हा चुकार पाहुणा असेल तर कित्येक आठवडे गोडी सुटतच राहते. एका लिटरांतील चार ग्रॅम साखर आंबली कीं सुमारें दोन ग्रॅम, म्हणजे जवळजवळ लिटरभर, कार्बन डायॉक्साइड होतो. बाटलींत वायु आधींच भरलेला; त्यांत ही भर पडत गेली कीं बाटली फुटून कांचा उडतात. शिवाय मद्यार्काचें प्रमाण चिठ्ठीवरील आंकड्यापेक्षां वाढतें, आणि चव पातळ, कोरडी होते. उष्णता देऊन यीस्ट मारलेल्या बीअरला ही भीति कमी. न तापविलेलीला अधिक. नळ्यांच्या सांध्यांत उरलेल्या थोड्या पेशीही पुढच्या घाण्याला पुरतात.

तरी याला सर्वस्वीं शत्रु ठरविणें मला पटत नाहीं. बेल्जियममधील ‘सेझों’ ही बीअर अगदीं कोरडी असते, ती पुष्कळदां याच प्रकारच्या यीस्टमुळें. तेथें हें यीस्ट मुद्दाम घालतात आणि सांखळ्या पुरत्या तुटेपर्यंत थांबून मगच बाटल्या भरतात.