पडद्यावर शेंदरी, कागदावर विटकरी

गणपतीचे फोटो गावी आजी-आजोबांना पाठवायचे म्हणून करामातल्या घरी प्रिंट काढतो, आणि पडद्यावरचा झळाळता शेंदरी रंग कागदावर विटकरी उतरतो. दोष बहुधा शाईचा नसतो.

पडदा स्वतः उजळतो, कागद मात्र खोलीतल्या उजेडावर अवलंबून. म्हणून आम्ही पडद्याशेजारी कोरा कागद धरतो आणि पडद्यावरचे कोरे पान तेवढेच पांढरे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवतो. रंगाचे तापमान ६५०० केल्व्हिन ठेवावे. फोटो 'एसआरजीबी'त साठवावा. १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मांडलेली ही रंगपद्धत घरगुती प्रिंटर ओळखतात.

प्रिंटरला कागदाचा खरा प्रकार सांगा. ग्लॉसी कागद घालून 'प्लेन' ठेवले, तर शाईचे प्रमाणच चुकते. रंग सांभाळायचे काम प्रोग्रॅम किंवा प्रिंटर, एकाकडेच द्या. दोघांनी हात घातला की चेहऱ्यांवर गुलाबी झाक येते.

शाई महाग, म्हणून आधी ४ बाय ६ इंचाची एकच प्रिंट काढा, वाळू द्या आणि खिडकीपाशी पाहा. पिवळ्या दिव्याखाली नको. एवढे करूनही शेंदरी थोडा मंदच येईल, कारण तितका तेजस्वी रंग चार शायांच्या मिश्रणातून निघत नाही.