मंदीनंतरची उभारी

लातूर जिल्ह्यातील मुरुड हे लातूर-बार्शी मार्गावरील बाजारपेठेचे गाव होय. भोवतालच्या शिवारात सोयाबीन, तूर, हरभरा व ज्वारी ही पिके निघतात. देशाची अर्थव्यवस्था कशी चालते, हे अशा गावाच्या बाजारावरून चांगले उमगते. पावसाने दगा दिला, की शेतकऱ्याच्या हाती पैसा येत नाही. तो नवे कापड घेणे लांबणीवर टाकतो. दुकानदार गिरणीकडून माल कमी मागवतो. सुताराला अवजारांचे काम मिळत नाही. मग दुकानदार आणि सुतार हेही हात आखडता घेतात. एकाचा खर्च ही दुसऱ्याची मिळकत असते. त्यामुळे एका घरातील चणचण दहा घरांत शिरते. हेच चक्र साऱ्या देशात फिरू लागले, म्हणजे त्यास मंदी म्हणतात.

मंदीत जमीन नाहीशी होत नाही, कारागिराचे कसब लोपत नाही, यंत्रेही जागच्या जागीच असतात. थांबते ते पैशाचे व कामाचे अभिसरण. ते पुन्हा सुरू झाले, की चक्र उलट दिशेने फिरू लागते. मंदीनंतर देश सावरेल, या आशेचा आधार हाच आहे.

१९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. मुरुड तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. मराठवाड्याला या दुष्काळाची मोठी झळ पोहोचली. शासनाने रस्ते, पाझर तलाव, नालाबंदिस्ती अशी कामे काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे या कामांवर राबत होती. मजुरी हाती आल्याने घरात धान्य आले आणि बाजार पुरता बसला नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले.

१९९१ साली साऱ्या देशावर संकट ओढवले. परकीय चलन इतके आटले, की जेमतेम दोन-तीन आठवड्यांची आयात भागली असती. रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने परदेशात गहाण ठेवले. रुपयाचे अवमूल्यन झाले, उद्योगांवरील परवान्यांची बंधने सैल झाली. १९९१-९२ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाची वाढ दीड टक्क्याच्या आत होती. पुढील वर्षी ती पाच टक्क्यांवर गेली. २०२० च्या महामारीत कारखाने व दुकाने बंद पडली, तरी शेती पिकत राहिली. त्या आर्थिक वर्षात घटलेले राष्ट्रीय उत्पन्न पुढील वर्षी पूर्वीच्या पातळीपलीकडे गेले.

तथापि ही उभारी आपोआप येत नाही, आणि सर्वांच्या दारी एकाच वेळी पोहोचतही नाही. राष्ट्राचे उत्पन्न ही सर्वांची मिळून बेरीज असते. बेरीज वाढली, तरी दुष्काळात बैलजोडी विकलेल्या शेतकऱ्याला ती पुन्हा घेण्यास अनेक वर्षे लागतात; शाळा सुटलेले मूल पुष्कळदा शाळेत परतत नाही. म्हणून बियाणे, जनावरे, कसब आणि शिक्षण यांचे जतन पडत्या काळातच करावे लागते. घरात कितीही ओढाताण असली, तरी शहाणा शेतकरी पेरणीचे बी खाऊन टाकत नाही. राष्ट्रानेही आपले बी राखले, तर पुढच्या सुगीची आशा बाळगण्याचा त्यास अधिकार असतो.