वारसाप्रश्न, एलिझाबेथकालीन
इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ (७ सप्टेंबर १५३३–२४ मार्च १६०३) हिच्या कारकीर्दीत (१५५८–१६०३) तिचा विवाह व तिच्यानंतरचा वारस यांविषयी उद्‌भवलेला राजकीय व धार्मिक पेच. त्या काळी राज्यकर्त्याचा धर्म तोच राज्याचा अधिकृत धर्म असे. सहावा एडवर्ड याच्या वेळी (१५४७–५३) इंग्लंड प्रॉटेस्टंट झाले, पहिली मेरी हिच्या वेळी (१५५३–५८) ते पुन्हा पोपच्या अधिसत्तेखाली गेले आणि १५५९ मध्ये एलिझाबेथने प्रॉटेस्टंट चर्चची पुनःस्थापना केली. त्यामुळे राणीनंतर गादीवर कोण येणार, या प्रश्नात राज्याचा धर्म कोणता राहणार, हा प्रश्नही अंतर्भूत होता.

पार्श्वभूमी : एलिझाबेथ ही आठवा हेन्री व त्याची दुसरी पत्नी ॲन बुलिन यांची कन्या. ॲनला १५३६ मध्ये देहान्त शासन झाले व त्याच वर्षीच्या कायद्याने एलिझाबेथ अनौरस ठरली. १५४४ च्या कायद्याने एडवर्ड व मेरी यांच्यानंतरचा तिचा वारसाहक्क मान्य झाला. मात्र तिला औरस ठरविण्यात आले नाही. हेन्रीने आपल्या मृत्युपत्रात थोरली बहीण मार्गारेट हिचा स्कॉटलंडमधील स्ट्यूअर्ट वंश वगळून धाकट्या बहिणीच्या वंशजांस पुढील हक्क दिला. हेन्रीचा पहिला घटस्फोट कॅथलिक चर्चला अमान्य असल्याने अनेक कॅथलिकांच्या दृष्टीने मार्गारेटची नात, स्कॉटलंडची राणी मेरी स्ट्यूअर्ट, हीच इंग्लंडची खरी वारस होती. याउलट धाकट्या शाखेतील कॅथरिन ग्रे ही प्रॉटेस्टंट होती. तिने १५६० मध्ये राणीच्या अनुमतीवाचून गुप्तपणे विवाह केला; तो उघडकीस येताच तिला टॉवरमध्ये कैदेत टाकण्यात आले. १५६८ मध्ये नजरकैदेतच तिचा मृत्यू झाला.

विवाहाचा प्रश्न : राणीने विवाह करावा, अशी विनंती पार्लमेंटने १५५९ मध्येच केली. ऑक्टोबर १५६२ मध्ये देवीच्या आजाराने राणी मरणोन्मुख झाली, तेव्हा वारसाविषयी मंत्रिमंडळात एकमत होईना. त्यामुळे १५६३ व १५६६ च्या पार्लमेंटांनी हा प्रश्न आग्रहाने मांडला. १५६६ मध्ये कर मंजूर करण्याशी त्याची सांगड घालण्यात येताच राणीने कराचा एक तृतीयांश भाग सोडून दिला. परंतु आपला विवाह व वारस हे विषय पार्लमेंटच्या अधिकारात येत नाहीत, ही भूमिका तिने सोडली नाही.

प्रत्येक प्रस्तावात काही ना काही अडचण होती. तत्कालीन समजुतीप्रमाणे पत्नी पतीच्या आज्ञेत असे. म्हणून परकीय पती म्हणजे परकीय सत्तेचा शिरकाव, अशी भीती होती. पहिल्या मेरीने स्पेनच्या फिलिपशी केलेल्या विवाहामुळे १५५४ मध्ये बंड झाले होते आणि त्याच्या युद्धात सामील झाल्याने १५५८ मध्ये कॅले हे ठाणे हातचे गेले होते. उलट, स्वदेशीय सरदाराशी विवाह केल्यास इतर सरदारांत मत्सर माजला असता. राणीचा आवडता सरदार रॉबर्ट डडली याची पत्नी १५६० मध्ये जिन्यावरून पडून मृतावस्थेत आढळली. तेव्हा उठलेल्या प्रवादामुळे हा विवाह अधिकच दुष्कर झाला. ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक चार्ल्स याच्याशी चाललेली बोलणी १५६७ मध्ये मुख्यतः त्याच्या खाजगी कॅथलिक उपासनेच्या मागणीवरून फिसकटली. अखेरचा महत्त्वाचा प्रस्ताव फ्रान्सच्या राजाचा भाऊ आंझूचा ड्यूक फ्रान्सिस याचा होता. तो राणीहून सुमारे २२ वर्षांनी लहान व कॅथलिक होता. सेंट बार्थॉलोम्यूच्या दिवशीच्या हत्याकांडाची (१५७२) आठवण ताजी असल्याने त्यास तीव्र विरोध झाला. विरोधी पुस्तिकेचा लेखक जॉन स्टब्झ याचा १५७९ मध्ये उजवा हात तोडण्यात आला. तथापि हा विवाह झाला नाही. राणीने अविवाहित राहण्याचे आरंभीच ठरविले होते, की परिस्थितीने तसे घडले, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत.

मेरी स्ट्यूअर्ट व धार्मिक संघर्ष : स्कॉटलंडमधील उठावात पदच्युत झालेली मेरी १५६८ मध्ये इंग्लंडच्या आश्रयास आली व सुमारे १९ वर्षे तेथे कैदेत राहिली. प्रस्थापित राणी प्रॉटेस्टंट, तर रक्ताच्या नात्याने निकटची वारस कॅथलिक, अशा स्थितीत एलिझाबेथचा वध हाच राज्याचा धर्म बदलण्याचा सर्वांत जवळचा मार्ग ठरत होता. १५६९ मध्ये उत्तरेकडील कॅथलिक सरदारांनी बंड केले. १५७० मध्ये पाचवा पायस या पोपने एलिझाबेथला धर्मबहिष्कृत करून तिच्या प्रजाजनांस राजनिष्ठेच्या शपथेतून मुक्त केले. १५७१ च्या रिडोल्फी कटात गुंतलेला नॉर्फकचा ड्यूक पुढील वर्षी देहदंडास पात्र ठरला.

या घटनांची झळ सामान्य कॅथलिकांना लागली. पोपच्या आज्ञापत्रामुळे धर्मनिष्ठा व राजनिष्ठा यांत त्यांची कोंडी झाली आणि शासनाच्या लेखी प्रत्येक कॅथलिक हा संभाव्य राजद्रोही ठरला. १५८१ च्या कायद्याने चर्चमधील अनुपस्थितीबद्दलचा दंड दरमहा २० पौंड झाला. १५८५ मध्ये परदेशी दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूचे इंग्लंडमधील वास्तव्यच राजद्रोह ठरले. एडमंड कँपियन (१५८१) याच्यासह शंभराहून अधिक धर्मगुरूंना देहान्त शासन झाले. अनेकांनी देशत्याग केला. त्यांपैकी टॉमस स्टीफन्स हा रोममध्ये जेझुइट पंथात दाखल होऊन १५७९ मध्ये गोव्यास पोहोचला; क्रिस्तपुराण (१६१६) हा मराठी ग्रंथ त्याचाच होय.

१५८४ मध्ये ऑरेंजचा विल्यम या डच प्रॉटेस्टंट नेत्याची हत्या झाल्यावर इंग्लंडमध्ये भय वाढले. राणीवर हल्ला झाल्यास ज्याच्या लाभासाठी तो झाला त्यालाही ठार मारण्याची प्रतिज्ञा हजारो लोकांनी केली. १५८६ मध्ये फ्रान्सिस वॉल्सिंगम याच्या हेरांनी बॅबिंग्टनचा कट उघडकीस आणला. त्यास मेरीने पत्राद्वारे दिलेली संमती पुराव्यादाखल पुढे येऊन ८ फेब्रुवारी १५८७ रोजी तिचा शिरच्छेद झाला. अभिषिक्त राणीस न्यायासनासमोर उभे करण्याचा पायंडा पडू नये, म्हणून एलिझाबेथने दीर्घकाळ टाळाटाळ केली होती. पुढील वर्षी स्पेनच्या आरमाराने इंग्लंडवर स्वारी केली. ती विफल झाली.

अखेर : राणीने वारस अखेरपर्यंत जाहीर केला नाही. वारस ठरताच असंतुष्ट लोक त्याच्याभोवती जमतात, हा अनुभव तिने बहिणीच्या कारकीर्दीत स्वतः घेतला होता. १५८१ च्या कायद्याने राणीच्या आयुर्मानाविषयी वा वारसाविषयी भविष्य वर्तविणेही गुन्हा ठरले; पार्लमेंटचा सभासद पीटर वेंटवर्थ हा वारसाप्रश्न मांडल्याबद्दल १५९३ मध्ये कैदेत पडला व तेथेच मृत्यू पावला. मात्र मेरीचा प्रॉटेस्टंट पुत्र, स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स, यास १५८६ पासून तनखा देऊन तिने अनुकूल ठेवले होते. १६०१ पासून मंत्री रॉबर्ट सेसिल याने त्याच्याशी गुप्त पत्रव्यवहार केला व २४ मार्च १६०३ रोजी, राणीच्या निधनानंतर काही तासांतच, जेम्सच्या नावाची द्वाही फिरविण्यात आली. हेन्रीच्या मृत्युपत्राने वगळलेला स्ट्यूअर्ट वंश अशा रीतीने रक्तपाताविना गादीवर आला आणि इंग्लंड व स्कॉटलंड एका राजाखाली आले. या यशामुळे एलिझाबेथचे मौन मुत्सद्देगिरीचे गणले जाते. परंतु ४४ वर्षे राज्याची शांतता एका व्यक्तीच्या जीवितावर अवलंबून होती आणि त्या अनिश्चिततेची किंमत मेरी, कॅथरिन ग्रे व अनेक कॅथलिक प्रजाजन यांना मोजावी लागली, हेही तितकेच खरे.