कणकण आहे? मग आज मालिश नको

पावसाळा सुरू झाला की फोनवर एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येतं. "कालपासून अंग मोडून आलंय, जरा कणकणही आहे, आजच्या आज वेळ द्या ना." मी फिजिओथेरपिस्ट आहे, मालिश हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. तरी अशा वेळी मी नाही म्हणते. मग पुढचा प्रश्न ठरलेला. "अहो, अंग दुखतंय तेव्हाच तर मालिश हवी ना? तेल चोळलं की घाम सुटतो आणि ताप उतरतो. आमची आजी हेच करायची." हे ऐकून आता मला चीड येते, कारण या समजुतीपायी माणसं डॉक्टरांकडे जायचे मोलाचे दोन दिवस घालवतात.

दुखण्यादुखण्यांत फरक असतो. दिवसभर वाकून काम केल्यावर पाठ धरते, तेव्हा स्नायू आखडलेला असतो. तिथे हात फिरवला की आराम वाटतो. तापातली अंगदुखी वेगळी. जंतूंशी लढताना शरीर जी रसायनं रक्तात सोडतं, त्यांच्यामुळे अंग ठणकतं. दुखणं स्नायूंत जाणवतं, पण त्याचं मूळ स्नायू आखडण्यात नसतं. मग ते कितीही दाबलं तरी जाणार कसं?

घामाचंही तसंच. शरीराचं तापमान किती असावं हे मेंदूतला हायपोथॅलॅमस ठरवतो. संसर्ग झाला की तो ही पातळी ३७ अंशांवरून, समजा, ३९ वर नेतो. शरीर तिथवर पोहोचेपर्यंत थंडी वाजते, हुडहुडी भरते. पातळी पुन्हा खाली आली की जास्तीची उष्णता बाहेर टाकण्यासाठी घाम फुटतो. म्हणजे घाम येतो तो ताप उतरू लागल्यामुळे. नेमकं त्याच सुमारास कुणी तेल चोळलेलं असलं, तर श्रेय तेलाला जातं.

"पण आयुर्वेदात सांगितलंय," असंही बरेच जण म्हणतात. त्यांनी चरकसंहितेतल्या चिकित्सास्थानाचा तिसरा अध्याय जरूर पाहावा. तो तापावरच आहे. नव्या तापात काय टाळावं याच्या यादीत तिथे दिवसाची झोप, स्नान आणि व्यायाम यांच्यासोबत अभ्यंगही आहे. अभ्यंगाला जागा आहे ती जुनाट तापात, तीही वैद्याच्या सल्ल्याने. वाग्भटाने अष्टांगहृदयात अभ्यंग रोज करावा असं सांगितलं, आणि तिथेच कफाने ग्रासलेल्याने, अजीर्ण झालेल्याने, नुकतंच शोधन झालेल्याने तो करू नये असंही बजावलं. आपण पहिला भाग लक्षात ठेवला आणि दुसरा सोयीने विसरलो.

आता मला ज्याची खरी भीती वाटते ते सांगते. आपल्याकडे पावसाळ्यातला ताप म्हणजे डेंगी असू शकतो, लेप्टो असू शकतो. डेंगीत प्लेटलेट कमी होतात, म्हणूनच त्यात अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या टाळायला सांगतात. अशा अंगावर कोपराने जोर दिला तर त्वचेखाली रक्तस्राव होऊ शकतो. आणखी एक गोष्ट घात करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार डेंगीचा धोक्याचा टप्पा बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप उतरताना सुरू होतो. घरात मात्र "मालिश केली, घाम आला, ताप गेला" म्हणून सगळे निर्धास्त होतात. पोटात जोराचं दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं यांपैकी काहीही दिसलं तर ताप उतरलेला असला तरी तडक रुग्णालय गाठायचं.

लेप्टो तर अधिकच फसवा. तापाबरोबर पोटऱ्या विलक्षण दुखतात आणि घरचे तेच पाय चोळत बसतात. साचलेल्या पाण्यातून चालल्यानंतर किंवा शेतातल्या चिखलात काम केल्यानंतर ताप आला, पोटऱ्या धरल्या, डोळे लाल झाले, तर तेलाची वाटी बाजूला ठेवा. लेप्टोवर प्रतिजैविकं आहेत आणि ती लवकर सुरू झालेली बरी. उशीर झाला तर आजार मूत्रपिंडं आणि यकृतापर्यंत जाऊ शकतो.

"गोळी घेऊन येते, मग ताप नसेल," हेही नको. गोळीने ताप झाकला जातो, आजार तिथेच असतो. औषधाशिवाय पूर्ण २४ तास ताप नसेल आणि अंगात तरतरी असेल, तर खुशाल या. डेंगी झाला असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. मालिशने अंगातली "विषद्रव्यं" निघून जातात याला आधार नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. मालिशने कर्करोग पसरतो, हीही निराधार भीती आहे. गाठीची आणि रेडिएशन दिलेली जागा टाळून, डॉक्टरांना विचारून हलकी मालिश करता येते. गजकर्ण किंवा खरूज तेलाने बरी होत नाही, उलट हातांतून आणि पंचांतून पसरते. पाठीत किंवा बरगडीखाली एकाच बाजूला आग होत असेल तर चोळण्याआधी दोन दिवस त्वचेकडे लक्ष ठेवा, ती नागीण असू शकते.

एका बाबतीत मात्र दोन दिवससुद्धा थांबू नका. एकच पाय सुजला, पोटरी दुखते आहे, हाताला गरम लागते आहे, तर ती शिरेतली रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊन अडकू शकते. हा धोका प्लॅस्टर घातल्यावर, शस्त्रक्रियेनंतर आणि लांबच्या प्रवासानंतर वाढतो, तसाच बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांतही. आपल्याकडे नेमकं त्याच काळात रोज मालिश होते. बाळंतिणीने पोटरी दुखते म्हटलं की "जोर लावून चोळा" असं सांगितलं जातं. त्या दिवशी पायाला हात न लावता आधी डॉक्टरांना दाखवा.

बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊमाखू घालणाऱ्या मावशींचंही सांगायला हवं. त्या दिवसाला चार-पाच घरं करतात. त्यांना खोकला झाला तरी त्या येतात, कारण खाडा झाला की पैसे कापले जातात. मोठ्यांची साधी सर्दी महिन्याभराच्या बाळाच्या छातीत उतरू शकते, आणि डांग्या खोकला असेल तर तान्ह्या बाळाच्या जिवावर बेततं. मावशी खोकताना दिसल्या तर त्यांना बऱ्या होईपर्यंत सुट्टी द्या, आणि त्या दिवसांचे पैसे कापू नका.