सक्रिय गट बदलणे: युनिक्समधील ‘न्यूग्रुप’

मागच्या वेळी आपण फाइलच्या परवानग्या पाहिल्या: मालक, गट आणि इतर. आज यातल्या गटाबद्दल बोलूया.

समजा, लिनक्सवर आपण ‘शिक्षक’ आणि ‘निकाल’ या दोन्ही गटांत आहोत. निकालाची फाइल आपण तयार केली, इतरांना परवानगी दिली नाही. आता ‘निकाल’ गटातल्या सहकाऱ्याला ती उघडत नाही. असं का? कारण आपण कितीही गटांत असलो, तरी नवी फाइल साधारणपणे एकाच गटाच्या नावावर लागते: त्या वेळी जो सक्रिय असेल त्याच्या. लॉगिन केल्यावर तो आपला प्राथमिक गट असतो, इथे ‘शिक्षक’.

अशा वेळी घाईत ७७७ परवानगी देऊन मोकळं होण्याचा मोह होतो. तसं करू नका! जाहीर न झालेला निकाल मग त्या यंत्रावरचा कोणीही वाचेल, बदलेलही.

त्याऐवजी ‘न्यूग्रुप निकाल’ अशी आज्ञा द्यायची. टाइप करताना फक्त एन, ई, डब्ल्यू, जी, आर, पी ही सहा अक्षरं. आता नव्या फाइली ‘निकाल’ गटाच्या होतील. खात्री करायला ‘आयडी’ चालवून बघा. आधीच्या फाइली मात्र आपोआप बदलत नाहीत, त्यांच्यासाठी ‘सीएचजीआरपी’.

ही आज्ञा जुनी आहे, १९७५ च्या सहाव्या आवृत्तीतली. तेव्हा प्रोसेसला एका वेळी एकच गट असे. १९८३ च्या ४.२ बीएसडीमध्ये अनेक गट एकत्र बाळगता येऊ लागले. म्हणून आज वाचायला-लिहायला गट बदलावा लागत नाही. नवी फाइल करताना लागतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा: ‘न्यूग्रुप’ चालू शेल बदलत नाही, नवा शेल सुरू करतो. परत यायचं तर ‘एक्झिट’. त्यामुळे स्क्रिप्टमध्ये ही आज्ञा लिहिली, तर पुढच्या ओळी तिथेच अडून राहतात. तिथे ‘एसजी’ वापरावी, तीही फक्त एका आज्ञेपुरती.

आणि रोजचंच सामायिक काम असेल तर? मग त्या डिरेक्टरीवर सेटजीआयडी बिट लावा. तिथली प्रत्येक नवी फाइल डिरेक्टरीचाच गट घेईल, आणि कोणाला काही आठवणीत ठेवावं लागणार नाही.